शरूच्या वाट्याचं

शरूनं दोन्ही बूट काढले, कातळावर शेजारी शेजारी नीट जुळवून ठेवले आणि मला म्हणाली, "मास्तर, माझा पेपर झाला. बाहेर जाऊ?"

मी मास्तर नव्हतो. मी तिचा सख्खा मोठा भाऊ होतो आणि चौसष्ट वर्षांत मला चुकूनही कुणी मास्तर समजलं नव्हतं. मास्तर ती होती, साताऱ्याच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली. सकाळचे नऊ वाजले होते. खाली समुद्र होता, वर ऊन होतं आणि त्या उघड्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, आम्हा दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं. मला वाटलं, थट्टा करतेय. आमच्या घरात थट्टेचं खातं माझ्याकडे असायचं, त्यामुळे जरा कौतुकही वाटलं.

"वर नाव लिहिलंस का?" मी विचारलं.

तिनं विचार केला. बराच वेळ केला. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हळूच म्हणाली, "आठवत नाही."

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. सव्वीस वर्षं मी आठवड्याला एक सदर लिहून लोकांचा मूर्खपणा त्यांच्या नजरेला आणून दिला. आता माझ्याविषयी सांगतो.

शरूला नवव्या वर्षी मधुमेह झाला. म्हाताऱ्यांना होतो तो नव्हे. पोटातला इन्शुलिनचा कारखाना एके दिवशी कायमचा बंद पडतो, तो. त्या काळी काचेची सिरिंज स्वयंपाकघरात उकळायची आणि वरणभाताआधी तिला टोचायची. आईला ते टोचणं जमलं, पण पानात गोड न वाढणं काही जमलं नाही. सणाच्या दिवशी मुलीच्या पानाची उजवी बाजू मोकळी ठेवायची म्हणजे अशुभ. म्हणून दर सणाला शरूच्या पानात लाडू पडायचा, देवाला नमस्कार व्हायचा आणि मग आई म्हणायची, "शरूच्या वाट्याचं दादाला." लाडू माझ्या पानात यायचा. बासुंदीची वाटी सरकायची. पुरणपोळी तर शरू स्वतःच घडी घालून द्यायची. मला यात कधी काही वावगं वाटलं नाही. उलट बहिणीचा भार उचलतोय अशी माझी समजूत होती, आणि त्या भारानं माझी कंबर बेचाळीस इंचांची झाली.

निवृत्तीनंतर शरूच्या मनात आलं, विजयदुर्गापासून रेडीपर्यंत समुद्राच्या काठाकाठानं चालत जायचं. लहानपणी डॉक्टरांनी तिला शाळेच्या सहलीलासुद्धा सोडलं नव्हतं, ते बहुधा तिनं मनात जपून ठेवलं असावं. एकटीला कुणी जाऊ देईना, म्हणून सोबतीला मला धाडलं. माझीही साखर नुकतीच काठावर आली होती. बायकोनं निघताना पिशवीत बिनसाखरेच्या गोळ्यांचं मोठं पाकीट टाकलं आणि बजावलं, गोड खावंसं वाटलं तर या चघळा.

या गोळ्या चघळल्या की जिभेवर थंडगार काहीतरी पसरतं आणि आपण दात घासल्यासारखं वाटतं. दुसऱ्याच दिवशी मला त्यांचा वीट आला. शरूच्या पिशवीत मात्र एक चपटी पत्र्याची डबी होती आणि तिच्यात होत्या लिमलेटच्या खऱ्याखुऱ्या गोळ्या. ती त्या कधी खाताना दिसायची नाही. मी एक उचलली. मग दोन. डबी हलकी होऊ लागली, तेव्हा माझ्या पाकिटातल्या तेवढ्याच गोळ्या कागद सोलून तिच्यात टाकू लागलो. रंग तोच, आकारात उन्नीसबीस. मधुमेही माणसाच्या डबीत बिनसाखरेची गोळी, यात पाप तर सोडाच, मला थोडं पुण्यच दिसत होतं. शिवाय वाटा शरूचा होता, आणि शरूचा वाटा कुणाचा हे लहानपणीच ठरलेलं होतं.

अशा रीतीनं आठ दिवस आम्ही मजेत चाललो. शरू रोज पहाटे वही उघडून बसायची. आज किती चाल, त्यात वाळू किती, चढ किती, ऊन कसं असेल, घरमालकीण घावणे देणार की आंबोळ्या, हे सगळं मांडून त्यावरून सकाळच्या इन्शुलिनमधून किती कमी करायचं ते काढायची. मी तिला पंचांगकर्ते म्हणायचो. ती म्हणायची, "दादा, तुझं तोंड चालू दे, मला बेरीज करू दे."

नवव्या दिवशी खाडीवर पोचलो तर होडी काठाला बांधलेली आणि होडीवाला पुतण्याच्या लग्नाला गेलेला. म्हणजे वरच्या सड्यावरून वळसा, चार किलोमीटर जास्त आणि खडा चढ. इंजेक्शन पहाटेच झालं होतं. टोचलेलं काही काढून घेता येत नाही. शरूनं होडीवर वही टेकवून हिशेब केला आणि म्हणाली, चढ संपला की डबीतल्या चार गोळ्या खायच्या, पंधरा मिनिटं थांबायचं, पुढच्या गावात न्याहारी करायची. ग्लुकोजच्या भुकटीचा पुडा चौथ्या दिवशी ओढ्यात भिजून फुकट गेला होता, बिस्किटं आदल्या संध्याकाळी संपली होती. "पण डबी आहे," ती म्हणाली.

डबी कशासाठी होती, हे मला तेव्हा कळलं. त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी काय केलं ते नीट सांगतो, कारण माझी गोष्ट एवढीच आहे: मी बुटाची नाडी बांधली. म्हटलं, डबीत निम्म्या तरी खऱ्या असतील. आणि चढ काही फार नसेल.

चढ फार होता. वर पोचल्यावर शरूनं बोट टोचून साखर मोजली. एकसष्ट. चार गोळ्या तोंडात टाकल्या, घड्याळ लावून पंधरा मिनिटं बसली, पुन्हा मोजली. पंचावन्न. तिच्या कपाळाला आठी पडली. बोटाला घाम लागला असेल म्हणून ते पुसून परत मोजली, चोपन्न. आणखी चार खाल्ल्या. "का चढत नाही?" ती म्हणाली. मला नव्हे, यंत्राला. आता बोललो तर ती चिडेल, चिडली तर साखर आणखी उतरेल, असाही एक शास्त्रीय विचार मी केला. भित्र्या माणसाला शास्त्र फार लवकर सुचतं. शरूला पुढे सावली दिसत होती, म्हणून आम्ही उठून तिकडे चालू लागलो. दोनशे पावलांवर ती थांबली, खाली बसली आणि बूट काढू लागली.

तर तिला नाव आठवेना. मी तिच्यासमोर गुडघे टेकले, दंड धरून हलवलं. ती मऊ, लोण्यासारखं हसली. हे हसणं मी पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं. ते नऊ वर्षांच्या मुलीचं होतं. मग तेही गेलं. डोळे उघडे होते, पण पाहुण्यांनी जाताना दिवा तसाच ठेवलेल्या खोलीसारखे.

मी डबी कातळावर उपडी केली. सव्वीस गोळ्या होत्या. एक उचलून जिभेवर ठेवली: थंड. थुंकली. दुसरी: थंड. मी त्या उन्हात ओणवा होऊन एकेक गोळी चाटत होतो आणि एकीत तरी साखर असू दे म्हणून ज्या देवांची सव्वीस वर्षं टिंगल केली त्यांची नावं घेत होतो. सव्वीसच्या सव्वीस थंड निघाल्या. माझं काम चोख होतं.

फोनला रेंज नव्हती. तिला सोडून गाव गाठायचं तर अर्धा तास, आणि अर्धा तास तिच्याजवळ नव्हता, एवढं मला न शिकवता कळत होतं. तिला कुशीवर वळवून डोक्याखाली पिशवी दिली आणि सड्याच्या कडेकडे धावलो. खाली वाडी असेल, कुणी असेल, ओरडून बघू.

खाली वाडी होती. साठसत्तर फूट खोल, माडांनी भरलेली. कुणाला हाक मारावी म्हणून तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. समोर, माझ्या डोळ्यांच्या अगदी रेषेत, हवेत एक माणूस बसला होता.

माडाचा शेंडा सड्याच्या कडेइतकाच उंच होता. त्या शेंड्यात झावळ्यांमध्ये लंगोटी लावलेला, पिकल्या केसांचा एक गृहस्थ ओसरीवर बसावं तसा बसला होता. कमरेला कोयती, पाठीशी सुका भोपळा, हातात लहानसं मडकं. आमच्यात वीस हात अंतर होतं आणि त्या वीस हातांत नुसता वारा होता. तो माझ्याकडे बघत होता. सड्यावर एक जाडा माणूस गोळ्या चाटून थुंकतोय, हे त्यानं सगळं पाहिलं होतं.

"काय झाला ओ?" त्यानं विचारलं. आवाज न चढवता, शेजाऱ्याला विचारावं तसं.

बहीण, साखर, इंजेक्शन, जे सुचेल ते मी ओरडलो. कुणाकडे साखर आहे का, गूळ आहे का, लवकर.

"साखर हंय माडार खंयची?" तो म्हणाला. मग त्यानं हातातल्या मडक्याकडे पाहिलं. "पण ही आसा."

"दारू नको हो," मी म्हणालो.

"दारू नाय. गोडी आसा. सुनेक गूळ करूचो आसा म्हणान मडक्याक आतून चुनो लावलेलो. नायतर ह्या येळेक आंबली असती." त्यानं मडकं भोपळ्यात रिकामं केलं. "तुमी तिच्याकडे जावा. मी येतंय."

आणि तो झाडावरून गेला. उतरला म्हणायला हवं, पण उतरण्यात थोडा वेळ लागतो. पायांच्या तळव्यांनी खोड धरलं, हात एकाखाली एक पडत गेले आणि पिकलेलं डोकं हिरव्या पाण्यात बुडावं तसं नाहीसं झालं. मी शरूजवळ पोचून तिचं डोकं मांडीवर घेतो न घेतो तोच खालून पाखाडीच्या पायऱ्यांवर अनवाणी पावलं धपधप वाजू लागली. नंतर उतरताना मी त्या पायऱ्या मोजल्या. एकशे अकरा. माणूस सत्तरीचा होता. त्याचं नाव गुणाजी मयेकर.

मी भोपळा तिच्या तोंडाला लावायला गेलो, तर त्यानं माझं मनगट धरलं. "ओतू नकात, ठसको लागात. तिका बसती करा." मी तिला मागून टेका दिला. गुणाजीनं बोट नीरेत बुडवून तिच्या गालाच्या आत, हिरड्यांवर फिरवलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा फिरवलं. नारळाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, तासून तिच्यातून रात्रभर थेंब थेंब जमवणारा माणूस होता तो. घाई त्याच्या बोटांना ठाऊकच नव्हती. पाच वेळा, दहा वेळा. मी तिच्या गळ्याकडे बघत होतो. बाराव्या का तेराव्या बोटाला गळा हलला.

"गिळल्यान," गुणाजी म्हणाला आणि भोपळ्यावर झाकण म्हणून ठेवलेली करवंटी भरली.

मी माणसं जाताना पाहिली आहेत. वडील गेले, आई गेली, तेव्हा हात माझ्या हातात होते. पण माणूस येताना मी तेवढा एकदाच पाहिला. मूल जन्मतं तेव्हा येणारा अजून कुणीच नसतो. इथे अख्खी शरू यायची होती, सत्तावन्न वर्षांची, एकतीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेली, आणि ती एकदम आली नाही. हप्त्याहप्त्यानं आली. आधी ओठांना चव कळली आणि ते करवंटीच्या कडेवर मिटले. मग घाम थांबला. मग कपाळावर ती आठी उमटली, जिच्यावर मी आयुष्यभर विनोद केले. ती दिसली तेव्हा मला हुंदका आला. मग डावा हात आपणहून उठला आणि घड्याळ चाचपू लागला. मग डोळे. रिकाम्या खोलीत कुणीतरी चालत आलं, खिडकीपाशी थांबलं आणि बाहेर बघितलं. तिला आधी आकाश दिसलं, मग लंगोटीतला परका गृहस्थ दिसला, आणि तिनं ओढणी सारखी केली.

"किती वाजले?" शरूनं विचारलं.

नऊ वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. सगळा प्रकार अर्ध्या तासाच्या आतला.

तिनं बूट शोधले, मग यंत्र शोधलं, स्वतःच बोट टोचलं. एकोणसाठ. आणखी एक करवंटी प्यायली. थोड्या वेळानं अठ्ठ्याण्णव. गुणाजी उकिडवा बसून त्या आकड्यांकडे आमच्याइतक्याच काळजीनं बघत होता. अठ्ठ्याण्णव म्हणजे बरं का, असं त्यानं विचारलं. मी बरं म्हटल्यावर तो उठला. तिला वर बसून खायला त्यानं सोललेल्या शहाळ्याची मलई आणि दोन भाकऱ्या पाठवायचं कबूल केलं, आणि जाताना म्हणाला, "बायमाणसाक सकाळी सकाळी माडावरची पाजलंय, ह्या गावात सांगू नकात." सून तेवढ्यासाठी चार दिवस बोलणार नाही म्हणे. मग वाटेतून वळून त्यानं रिकामा भोपळा हलवून दाखवला. सुनेचा गूळ आमच्या पोटात गेला होता.

आम्ही दोघंच उरलो. शरूनं वही काढली. मला वाटलं आकडे लिहून ठेवेल, पण ती मागची पानं उलटू लागली. चढाचा अंदाज, चालीचा वेग, उन्हाचा. एकेका ओळीवर पेन्सिल टेकवत खाली जायची, परत वर यायची. तिसऱ्यांदा वर आल्यावर तिनं पेन्सिल ठेवली.

"दादा, आपण घरी जाऊ."

मी म्हटलं, अजून दोनच दिवसांची वाट आहे, रेडी दिसायला लागलीय.

"माझं चुकलं कुठे ते मला सापडत नाही," ती म्हणाली. "आठ गोळ्या खाऊन साखर उतरली. असं कधी होत नाही. म्हणजे मी मोजण्यात चुकले, किंवा शरीर आता माझं ऐकत नाही. काहीही असलं तरी झालं. अठ्ठेचाळीस वर्षं मी एकाच गोष्टीवर उभी आहे की माझी बेरीज बरोबर येते. ती नसेल, तर मी उद्या एकटी जिनाही उतरायचा नाही."

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, आणि मला दिसलं की मी गप्प बसलो तर वाचलो. तिला कधीच कळणार नव्हतं. आम्ही घरी गेलो असतो, मी शूर भाऊ ठरलो असतो, आणि ती उरलेलं आयुष्य पलंगाच्या कडेला धरून काढणार होती. तिला मारायला अर्धा तास पुरला नव्हता. हे काम हळूहळू, घरच्या घरी झालं असतं.

"शरू," मी म्हणालो, "त्या गोळ्यांत साखर नव्हती. तुझ्या मी खाल्ल्या. माझ्या तिथे भरल्या."

मी सगळं सांगितलं, रोजच्या चार-पाचसकट, बुटाच्या नाडीसकट. पुण्य वाटल्याचंही सांगितलं. ते सांगताना मला माझा आवाज माझ्या सदरातल्या एखाद्या नगण्य नगरसेवकासारखा ऐकू आला.

"सगळ्या?" तिनं विचारलं.

"सव्वीसच्या सव्वीस. मी चाटून पाहिल्या."

तिनं कातळावरची एक गोळी उचलली, जिभेला लावली आणि डोळे मिटले. ती ओरडेल, थोबाडीत देईल, यासाठी मी तयार होतो. थोबाडीत तर मला हवीच होती. शरूनं डोळे उघडले, वही ओढली, चढाच्या ओळीवर पेन्सिल ठेवली आणि तोंडानं पुटपुटत बेरीज पुन्हा केली. आठ गोळ्यांच्या जागी शून्य धरून. शेवटी तिनं उत्तराखाली रेघ मारली आणि तिचा चेहरा असा उजळला, असा काही उजळला, की मी नजर खाली घातली. मी तिला जवळजवळ मारलं होतं आणि ती माझ्याकडे आभार मानावेत तशी बघत होती.

"म्हणजे माझं बरोबर होतं," ती म्हणाली.

मग बऱ्याच वेळानं, बुटांत पाय घालताना, समुद्राकडे तोंड करून म्हणाली, "लाडू तू खाल्लेस त्याचं मला कधी वाटलं नाही दादा. उलट बघायला आवडायचं. पण हे असं परत करू नकोस." त्यात राग नव्हता. राग असता तर मी तेरा वर्षांत तो विसरलो असतो.

भाकऱ्या आल्या. आम्ही खाल्ल्या आणि निघालो. पुढे ती, मागे मी. सडा उतरून वाळूला लागल्यावर ती एकदम थांबली, मान थोडी कलती करून. काय होतंय म्हणून धावत गेलो.

"काही नाही. विचारतेय."

"कुणाला?"

तिनं पोटावर हात ठेवला. "आत. कसं चाललंय म्हणून. यंत्राच्या आधी जरासं कळतं."

"असं किती वेळा विचारतेस?"

तिला प्रश्न विचित्र वाटला. "चालताना दर वीस मिनिटांनी. एरवी तासाला. झोपेतही दोनदा जाग येते." आणि ती पुढे निघाली, कारण ओहोटी संपत आली होती आणि तिच्या बेरजेप्रमाणे आम्हाला अजून अकरा किलोमीटर जायचं होतं.

मी तिथेच उभा राहिलो. तिच्यासारखी मान कलती केली, पोटावर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच आत कान दिला. काहीच ऐकू आलं नाही. चौसष्ट वर्षं तिथे कुणीतरी मला न विचारता, न थकता, एकही सुट्टी न घेता तीच बेरीज करत होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

वाळूवर शरूची पावलं एका मापाची पडत चालली होती. मी त्यांच्यात पाय न ठेवता, बाजूनं चालू लागलो.